तोंड रुंद, बूड घट्ट

मोठ्याबाईंना आयुष्यात कुणी फसवलं नव्हतं. निदान त्या तसं सांगायच्या, आणि त्यांनी एकदा सांगितलं की बाकीच्यांनी माना डोलवायच्या, अशी त्या घराची शिस्त होती.

पडद्यांचं दुकान होतं. खाली दुकान, मागे शिवणाची खोली, वर घर आणि घरावर गच्ची. मोठ्याबाई गल्ल्यामागे एका जाड लाकडी स्टुलावर बसायच्या. स्टूल त्यांच्यासारखंच, जागचं हलणार नाही असं. शाळा त्यांनी दोन वर्षं पाहिली होती, तीही खिडकीतून जास्त. अक्षरं त्यांना बोट ठेवून, एकेक उचलून लावावी लागत. आकडे मात्र फाडफाड वाचत. आणि कापडाला अंगठा लावला की कापड त्यांच्याशी बोलायचं.

एकदा एक ठोक व्यापारी चादरींचा गठ्ठा घेऊन आला. पाकिटावर ठळक लिहिलेलं, चौरस इंचाला एक हजार धागे. मोठ्याबाईंनी कापड चिमटीत धरून घासलं, उजेडाकडे धरलं आणि त्याच्या अंगावर फेकलं.

"चार बारके धागे पिळून एक केलास, आणि मोजताना पुन्हा चार सोडवलेस होय? अडीचशेचा माल आहे हा. हजार तुझ्या घरी जाऊन सांग, बायको भोळी असेल तर."

तो गेल्यावर नातीला जवळ बोलावून म्हणाल्या, "बघितलंस ना बिटके? पाकीट काय बोलतं ते ऐकायचं नाही. विकणारा काय बोलतो तेही नाही. मी सांगते म्हणूनसुद्धा मानायचं नाही. स्वतः अंगठा लावून बघायचं."

बिटकी तेव्हा नऊ वर्षांची होती. आता अकरा पुरी झाली होती, आणि तिला आकाशाचं वेड लागलं होतं. कुठला तारा कधी उगवतो हे तिला तोंडपाठ, पण आजीने चहाची बशी कुठे ठेवली हे विचारलं तर डोकं खाजवायची. तिला दुर्बीण हवी होती. खेळण्यातली नको, चंद्रही दिसेल, ग्रहही दिसतील, ताऱ्यांचे पुंजकेही दिसतील अशी, सगळ्याला पुरणारी एकच.

एवढे पैसे कुठून आणायचे? तर मायलेकींनी दीड वर्ष पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून विकल्या. सून दुकानाचं सगळं काम आटपून शिवायची, बिटकी बंद लावायची. मोठ्याबाई येता-जाता म्हणायच्या, "चिंध्यांतून चंद्र काढतायत बघा," पण तुकडे टाकून न देता बाजूला ठेवायच्याही त्याच.

सून मुळात कमी बोलणारी. तिने वाचनालयातून पुस्तकं आणली, दुकानांत फोन केले, महिनाभर विचार केला आणि काय घ्यायचं ते ठरवलं. निघायच्या दिवशी तिने एक चिठ्ठी लिहून सासूच्या हातात दिली. मोठ्याबाईंनी ती न उघडता पर्समध्ये कोंबली. चार माणसांसमोर बोट ठेवून वाचत बसायचं म्हणजे नामुष्कीच की.

घरातली मोठी खरेदी मोठ्याबाईच करायच्या, हेही ठरलेलं. शिलाई मशीन असो, कपाट असो, भाव त्याच करणार. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कुणाला वस्तू आवडली हे दुकानदाराला कळलं की भाव चढतो.

दुर्बिणींचं दुकान म्हणजे खरं तर चष्म्यांचं. मागच्या अर्ध्या भागात दुर्बिणी मांडलेल्या. मालक किडकिडीत, हळू आवाजाचा माणूस, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा.

"यांनी फोनवर विचारलं होतं ना, तीच ही," तो सुनेकडे बघत म्हणाला आणि कोपऱ्यातल्या वस्तूवरचं कापड त्याने काढलं.

एक जाडजूड काळं नळकांडं, कमरेएवढं, लाकडी खोक्यात तिरकं टेकवलेलं. ना पाय, ना चाकं, ना काही चकाकी. खोक्याच्या कडा नुसत्या करवतीने कापून सोडलेल्या.

मोठ्याबाईंनी अंगठा लावला. कड खरखरीत लागली.

"ही दुर्बीण आहे की टाकीचा पाइप?" त्या म्हणाल्या. "अहो, काठ तरी दुमडायचा! असा पडदा मी गिऱ्हाइकाला दिला तर गिऱ्हाईक माझ्याच डोक्यावर पांघरून जाईल."

शेजारी काचेजवळ दुसरी उभी होती. पांढरी शुभ्र, सडपातळ, तीन पायांवर ऐटीत, सोनेरी पट्ट्या, दहा-बारा चकचकीत स्क्रू. मोठ्याबाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला. कुठे एक शिवण उसवलेली नाही. खाली पेटी होती. पेटीवर आकडा होता, आणि आकडे तर त्यांचेच.

"सहाशे पंच्याहत्तर पट," त्यांनी मोठ्याने वाचलं. "आणि तुमच्या या पाइपाचे किती?"

"तिला दीडशे-दोनशे पट पुरतात, आजी. पट हा मुद्दाच नसतो. पेटीवर काय, कितीही लिहितात."

"म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही, आणि पैसे सारखेच!"

तेव्हा सुनेने घराचा नियम मोडला. "आई, त्या पाइपाचं तोंड रुंद आहे. उजेड जास्त आत येतो, म्हणून..."

"तोंड रुंद तुझंही आहे," मोठ्याबाई म्हणाल्या, "म्हणून तर दुकानात बंद ठेवायचं असतं."

चष्मे पुसणारी दोन पोरं फिसकन हसली. सुनेचे कान लाल झाले. ती दोन पावलं मागे सरकली आणि चष्म्यांच्या फ्रेमी बघू लागली, जशा काही तिला त्या घ्यायच्याच होत्या. बिटकीने आईचा हात धरला. मालक काही तरी बोलायला गेला, तर मोठ्याबाईंनी त्याला मधेच तोडलं. "लिहिलेलं खोटं असेल तर विकता कशाला?"

"लोक मागतात," तो म्हणाला, आणि मग त्याने नाद सोडला.

मोठ्याबाईंनी भाव पाडला. वर एक पिशवी, भिंग पुसायचं फडकं आणि एक जादा भिंग फुकट काढलं. परत येताना रस्ताभर त्या एकट्याच बोलत होत्या.

त्या संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले. दिवेलागण होत होती, अर्धा चंद्र डोक्यावर आला होता. मुलगा दिवसभर शिडीवर चढून लोकांचे पडदे लावून आला होता, तरी त्यानेच स्क्रू पिळले. शिवणखोलीतले मास्तर घरी जायचे थांबले होते. हा माणूस वीस वर्षं मोठ्याबाईंच्या हाताखाली टिकला होता, म्हणजे कधी काय बोलायचं हे त्याला शिवणापेक्षा चांगलं येत होतं.

"आधी कमी पटीचं भिंग लावू या का?" सुनेने नवऱ्याला हळूच विचारलं.

"का? पैसे सहाशे पंच्याहत्तरचे भरलेत ना?" मोठ्याबाई म्हणाल्या. "सगळ्यात मोठं लावा."

नव्या वस्तूला पहिला हात मोठ्याबाईंचा, हीही घरातली रीतच. त्या वाकल्या. डोळा लावला.

आत काहीतरी राखाडी होतं, दुधात भसाभस पाणी ओतल्यासारखं. ते थरथरत होतं. त्यांनी श्वास घेतला तरी ते हलायचं. वारा आला तर पूर्ण दुर्बीणच लटलटली. बघता बघता ते राखाडीही निसटून गेलं आणि नुसता काळोख उरला. मोठ्याबाई तशाच वाकून राहिल्या. मागे चार माणसं श्वास रोखून उभी आहेत हे त्यांना पाठीवर कळत होतं. आपण सुनेला दुकानात काय बोललो तेही आठवलं.

त्या सरळ झाल्या. "दिसला! अगं बाई, काय तो चंद्र!"

"काय काय दिसतंय, आजी?"

"सगळं. बघ ना तूच."

पण आधी मुलगा वाकला, कारण तिथे पुन्हा काहीतरी पिळायचं होतं. "हं. वा," म्हणून तो बाजूला झाला. मास्तर वाकले. "अगदी स्वच्छ, मोठ्याबाई! हात लांबवला तर लागेल." सून वाकली, बराच वेळ बघितलं, फडक्याने भिंग पुसलं. शेवटी बिटकी. ती इतका वेळ वाकून राहिली की मास्तर घड्याळ बघायला लागले.

"दिसला ना?" मोठ्याबाईंनी विचारलं.

"हो," बिटकी म्हणाली.

त्यानंतर दुर्बीण जिन्याखाली गेली. रोज काही ना काही कारण निघायचं. ढग आहेत, शाळेचा अभ्यास आहे, वारा आहे. मोठ्याबाई तोंडाने म्हणायच्या, "एवढी महागाची वस्तू आणि पोरीला कदर नाही," आणि मनातून त्यांना सुटल्यासारखं वाटायचं. मात्र बिटकी काहीतरी विचित्र करू लागली होती. एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचायची, मग दुसरा झाकून. सुईत दोरा ओवायची आणि ओवला की पुन्हा काढून पुन्हा ओवायची.

आठवड्याने दुपारी मोठ्याबाई नमुन्याच्या पडद्यांमागे गठ्ठे मोजत होत्या. पलीकडे मायलेकी टेबलाशी. त्या दोघींना वाटलं, दुकानात कुणी नाही.

"आई, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."

"का गं?"

"माझे डोळे बिघडलेत. आजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे तरी तिला चंद्र दिसला. मास्तरांना जाड चष्मा आहे, त्यांना दिसला. मला नुसतं राखाडी हलत होतं. मी खोटंच हो म्हटलं." मग थोडा वेळ नाक ओढल्याचा आवाज. "डोळेच असे बिघडलेले, तर दुर्बीण असून काय उपयोग?"

"तुझे डोळे चांगले आहेत, बाळा."

"मग काय आजी खोटं बोलली?"

मोठ्याबाईंच्या हातातला गठ्ठा हातातच राहिला. आता सून बोलणार. बोलूच दे. तिच्या जागी आपण असतो तर असं सुनावलं असतं की घर दणाणलं असतं. त्या वाट बघत राहिल्या. कात्रीचा आवाज आला, थांबला.

"उद्या सकाळी जाऊ डॉक्टरकडे," सून म्हणाली.

एवढंच. मोठ्याबाईंना कुणी भर बाजारात मुस्काटात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. त्यांची लाज झाकायला ती बाई स्वतःच्या धडधाकट पोरीचे डोळे तपासून आणायला निघाली होती.

संध्याकाळी त्यांनी पर्स उलटी केली. तळाशी चिठ्ठी सापडली. पडद्याच्या मापाच्या चिठ्ठीची मागची कोरी बाजू. अक्षरं मोठी, सुटी सुटी, जोडाक्षरं शक्य तितकी टाळलेली. कुणासाठी तशी लिहिली होती हे त्यांना पहिल्याच ओळीला कळलं. बोट ठेवून त्या वाचू लागल्या.

'आई, पाइपासारखी दिसेल, हसू नका. दोन गोष्टी बघायच्या. तोंड रुंद, बूड घट्ट. तोंड रुंद तर उजेड जादा. बूड घट्ट तर हलत नाही. पटीचा आकडा बघू नका. एकावर एक भिंग चढवून तो कितीही मोठा करता येतो. चार धागे पिळून एक करतात आणि हजार सांगतात, तसलाच तो आकडा. तुम्हीच मला ते ओळखायला शिकवलं.'

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा बोट ठेवायची गरज पडली नाही. आयुष्यभर ज्या लबाडीवरून माणसं दाराबाहेर काढली, तीच लबाडी त्यांनी भाव करून, वर पिशवी मागून घरी आणली होती. वर अंगठासुद्धा लावला होता, आणि तो लावला कशाला, तर रंगाला.

रात्री त्या फार जेवल्या नाहीत. मुलाने विचारलं तर "पोट माझं आहे" म्हणाल्या.

सकाळी दुकान उघडलेलं. एक गिऱ्हाईक बाई खिडक्यांची मापं सांगत होती, मास्तर लिहून घेत होते. मायलेकी चपला घालून दारात आल्या.

"थांबा," मोठ्याबाई म्हणाल्या. स्टुलावरून उठल्या. गिऱ्हाईक असताना त्या कधी उठत नसत, म्हणून मास्तरांची पेन्सिलही थांबली.

"बिटके, डॉक्टरकडे जायचं नाही. तुझे डोळे ठणठणीत आहेत. मला त्या दिवशी काही दिसलं नव्हतं."

"काहीच?"

"राखाडी. हलत होतं. तुला दिसलं तेच. मी खोटं बोलले."

"का?"

हे का त्यांनी रात्रभर घोळवलं होतं आणि त्याची चार-पाच उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी त्यांनी बाजूला ठेवली.

"तुझी आई बरोबर होती म्हणून," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाईक बाई पडद्याचा नमुना फार निरखून बघू लागली. शेवटी मास्तरांनी घसा साफ केला.

"मलाही तसं... फारसं स्वच्छ नव्हतं दिसलं, मोठ्याबाई."

"तुम्ही गप बसा. हात लांबवून लावत होतात ना चंद्राला!"

बिटकी हसली नाही. ती आजीकडे बघत होती, एक डोळा न झाकता, दोन्ही उघडे ठेवून. मोठ्याबाईंना त्या नजरेखाली उभं राहवेना, पण बसायलाही धजवेना.

त्याच दिवशी पेटी घेऊन तिघी त्या दुकानात गेल्या. स्वतःच्या दुकानात मोठ्याबाईंनी पाटी लावलेली होती, कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही. ती पाटी दाखवून किती जणींना रिकाम्या हाती परत पाठवलं त्याची गणती नव्हती. आता त्या काउंटरपुढे उभ्या होत्या आणि ती दोन पोरं पुन्हा चष्मे पुसत होती.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "ही परत घ्याल का? तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. आणि ही बोलली तर हिला मी तुमच्यादेखत नको ते बोलले."

मालकाने नाकावरचा चष्मा कपाळावर आणि कपाळावरचा नाकावर घेतला. "पेटी फोडलीय, आजी. नवी म्हणून मला विकता येणार नाही. जुन्याच्या भावात घेतो."

"घ्या."

त्या भावात पाइप बसत नव्हता. त्यातली धाकटी होती, बुटकी, तशाच नळकांड्याची, तोंडाला दोन बोटं लहान, टेबलावर ठेवायची. मोठ्याबाईंनी पर्स उघडली. "वरचे मी घालते. मोठीच घ्या."

"नको, आई," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पिशव्यांच्या पैशांत बसेल तीच घेऊ."

मोठ्याबाईंच्या जिभेवर आलं होतं बरंच. त्यांनी पर्स बंद केली. दोन पावलं मागे सरकल्या आणि चष्म्यांच्या फ्रेमी बघत उभ्या राहिल्या. भाव सुनेने केला नाही, त्याने सांगितला तो दिला. मोठ्याबाईंनी तेही गिळलं.

मधल्या दिवसांत चंद्र मोठा झाला, लहान झाला. ढगही आले. बिटकी आणि तिची आई गच्चीवर काय काय बघत असत, ते मोठ्याबाईंना जेवताना कानावर पडे, त्या विचारत नसत. एक अडचण मात्र कळली. त्या बुटकीला ठेवायला घट्ट काही मिळेना. टेबल डुगडुगायचं, खुर्ची लवायची, खाली फरशीवर ठेवली तर पोरीची मान अवघडायची.

अर्धा चंद्र पुन्हा आला त्या संध्याकाळी मुलगा गच्चीवर गेला तर दुर्बीण गल्ल्यामागच्या जाड स्टुलावर बसलेली. दोन जिने ते स्टूल कुणी चढवलं हे त्याने विचारलं नाही. आईचा श्वास अजून खाली बसलेला नव्हता.

बिटकी वाकली. तिच्या आईने नळकांडं हाताने जरासं ढकललं, ते लोण्यातून सरकल्यासारखं सरकलं आणि सोडलं तिथे थांबलं. "हा बघ, हा बघ आई, कडेला!" मग आई बघे, मग बाप बघे, मास्तर आज लवकर घरी गेले होते. मोठ्याबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. पहिला हात आज त्यांनी मागितला नव्हता.

"या ना, आई," सून म्हणाली.

त्या वाकल्या. डोळा लावला. चांगल्या दोन मिनिटांनी सरळ झाल्या.

"दिसला," त्या म्हणाल्या.

बिटकी त्यांच्याकडे बघत राहिली. एवढासाच वेळ, पण मोठ्याबाईंना तो पुरता मोजता आला.

"खरंच, आजी?"

राग यायला हवा होता. आला नाही. घरातल्या एवढ्याशा पोरीने साक्ष मागावी ही वेळ त्यांनी स्वतःच आणली होती.

"अर्धी बाजू उजळ," त्या सांगू लागल्या, एकेक अक्षर बोट ठेवून वाचावं तशा. "तिच्यावर वाट्या उमटल्यासारखे खळगे. उजेड संपतो त्या कडेला त्यांच्या सावल्या लांब पडल्यात. आणि कडेच्या पलीकडे, काळोखात, एक उजेडाचा ठिपका सुटाच पडलाय. टाचणीच्या डोक्याएवढा. त्याला कशाचा आधार दिसत नाही."

"टाचणी? तसलं काही नव्हतं तिथे."

"होतं."

बिटकी आईकडे वळली. आईने नुसतं दुर्बिणीकडे बोट दाखवलं. पोर पुढे आली, मग क्षणभर घुटमळली, आजीला न विचारता बघावं की नाही म्हणून.

मोठ्याबाई स्टुलापासून बाजूला झाल्या. "मी सांगते म्हणून मानू नकोस," त्या म्हणाल्या. "लाव डोळा."

बिटकी वाकली. मोठ्याबाई उभ्याच होत्या. बसायला आता त्यांना जागा नव्हती.